ओव्हाळ रस्ता ओलांडतात

नागसेन ओव्हाळ रस्ता ओलांडायला निघाले की चिखलीतल्या त्यांच्या सोसायटीसमोरचा पानवाला हातातलं काम थांबवतो. ओव्हाळ फुटपाथच्या कडेला, फुटपाथ नसेल तर जिथे तो असायला हवा होता तिथे, दोन्ही पाय जुळवून उभे राहतात. हात खांद्याच्या रेषेत उचलून उजवीकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, “उजवीकडे मोकळं.” मग डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे. तिन्ही वेळा मोकळं असेल तरच पाऊल टाकतात. चिखलीत अशी वेळ फार क्वचित येते. पानवाल्याची बरीच गिऱ्हाइकं त्यामुळे खोळंबतात.

ओव्हाळ चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सेफ्टी ट्रेनर आहेत. आयटीआय करून प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर म्हणून लागले आणि पुढे शिकवायला आले. नव्याने भरती झालेला प्रत्येक कामगार पहिला दिवस त्यांच्या खोलीत काढतो. फोर्कलिफ्टचा रस्ता ओलांडण्याआधी थांबायचं, बोट दाखवायचं, मोठ्याने बोलायचं आणि मगच जायचं, हा तिथला नियम आहे. बाकीचे लोक कंपनीच्या गेटबाहेर पडले की तो विसरतात. ओव्हाळ विसरत नाहीत. लोकांना वाटतं, यांना कधीतरी मोठा अपघात झाला असणार. तसं काही नाही. “अपघात झाल्यावर शहाणा होणारा माणूस माझ्या वर्गाला उशिरा आलेला असतो,” असं ते सांगतात.

त्यांचे आयटीआयपासूनचे मित्र मीरासाहेब मुलाणी यांचं कासारवाडी स्टेशनजवळ दुचाकींचं गॅरेज आहे. समोरच्या बाजूच्या टपरीवर चहा प्यायचा असला तर ओव्हाळ पादचारी पूल गाठून, वळसा घालून येतात. तोवर मीरासाहेबांचा चहा संपलेला असतो. ते ओव्हाळांना ‘फाटक’ म्हणतात. “हा आला की सगळं बंद. गेला की उघडलं.”

भाग्यश्री ओव्हाळ चिंचवडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहेत. दिवसभर त्या मायक्रोस्कोपसमोर बसून असतात. घरासमोरच्या रस्त्यावरून पाण्याचे टँकर आणि तळवड्याकडे जाणारे कंटेनर धावतात. तिथे चालायला जाणं म्हणजे नवऱ्याच्या भाषेत ‘अनकंट्रोल्ड हॅझर्ड’. म्हणून संध्याकाळी त्या गच्चीवर पाण्याच्या टाक्यांभोवती चालतात, बहुतेक एकट्याच. नवऱ्याची शिफ्ट आणि त्यांची ड्यूटी क्वचितच जुळते.

गेल्या मे महिन्यात कारखान्याचा वार्षिक शटडाऊन जाहीर झाला आणि मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेल्यावर पहिल्यांदाच दोघांना एकत्र रजा मिळाली. ओव्हाळांनी व्हिएतनामची सहल ठरवली. भाग्यश्रींनी एकच अट घातली.

“मला बसच्या काचेतून परदेश बघायचा नाही. कुठल्यातरी चांगल्या ठिकाणी पोटभर पायी फिरायचं आहे. तुमच्याबरोबर. एवढं झालं की बाकीचं नाही बघितलं तरी चालेल.”

“चालू की,” ओव्हाळ म्हणाले. “त्यात काय.”

सहलीतले तिसरे मीरासाहेब. त्यांच्या पत्नी ताहेरा यांचं धाकट्या मुलीच्या, जिकराच्या, प्रवेश परीक्षेमुळे निघणं शक्य नव्हतं. “तुम्ही जा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “पोरीला अभ्यासाला शांतता मिळेल.” मीरासाहेबांनी हा टोमणा फार मनाला लावून घेतला नाही.

व्हिएतनाममध्ये वाहनं उजव्या बाजूने चालतात हे ओव्हाळांनी आधीच वाचून ठेवलं होतं. तिथे पहिलं बोट डावीकडे दाखवावं लागणार होतं. मुंबई विमानतळावर, सामानाच्या ढकलगाड्यांमधून वाट काढताना, त्यांनी तसा सराव केला. मीरासाहेब चार पावलं मागे राहून चालले. विचारलं कुणी तर ओळख नाही म्हणून सांगता यावं, असं त्यांनी वहिनींना सांगितलं.

हनोईला पोहोचले तेव्हा सोमवारची संध्याकाळ होती. हॉटेल शहराच्या जुन्या भागाला लागून, होआन किएम तळ्याच्या अगदी समोर होतं. पाचव्या मजल्यावरच्या खिडकीतून सगळं तळं दिसत होतं. काठाने झाडं, झाडांखालून फरसबंद वाट, मध्ये बेटावरच्या देवळाकडे जाणारा लाल पूल. वाटेवर लोक चालत होते. म्हातारे, बायका, हातात हात घेतलेली जोडपी. भाग्यश्रींनी पर्स पलंगावर टाकली.

“चहा नंतर,” त्या म्हणाल्या. “आधी खाली चला.”

हॉटेल आणि तळं यांच्यामध्ये एक रस्ता होता.

तो एकेरी होता, रुंदीलाही बेताचा. पण त्यावरून स्कूटर वाहत होत्या. वाहत होत्या हाच शब्द बरोबर. त्यात खंड नव्हता. एकीवर नवरा-बायको आणि दोन मुलं, एकीवर फुलांचा भारा, एकीवर आडवी बांधलेली काच. ओव्हाळ कडेला पाय जुळवून उभे राहिले, डावीकडे बोट दाखवलं आणि गप्प झाले. बोलण्यासारखं काही मोकळं नव्हतं. बोट तसंच राहिलं. एका स्कूटरवाल्याने त्या दिशेला वळून बघितलं, तिथे काय आहे म्हणून.

आजूबाजूचे लोक येत होते, त्यांच्या शेजारून रस्त्यात उतरत होते आणि पलीकडे जात होते. मीरासाहेबही गेले. पलीकडून हात हलवला आणि परत आले.

“हे बघ, गेलो. हे बघ, आलो. काय झालं?”

“काही झालं नाही,” ओव्हाळ म्हणाले. “काही झालं नाही म्हणजे धोका नव्हता असं नाही. तू वाचलास.”

“अरे, ती एवढी म्हातारी गेली.”

“तीही वाचली.”

भाग्यश्री म्हणाल्या, “विमानाने समुद्र ओलांडून आलात. हा एवढा रस्ता राहिलाय.”

“विमानाला कंट्रोल टॉवर असतो,” ओव्हाळ म्हणाले.

त्या संध्याकाळी तिघांनी हॉटेलच्या बाजूलाच जेवण केलं. मीरासाहेबांनी फोनवरच्या भाषांतराने दोनदा खात्री करून मासा आणि भात मागवला आणि जेवण होईस्तोवर समोरच्या स्कूटरींची मॉडेलं सांगितली.

दुसऱ्या दिवशी सिग्नल शोधायची मोहीम निघाली. सिग्नल असणारच, कुठलंही शहर त्याच्याशिवाय चालत नाही, असं ओव्हाळांचं म्हणणं. फुटपाथने जावं तर त्यावर स्कूटर लावलेल्या, त्यांच्यामध्ये बुटकी प्लास्टिकची स्टुलं आणि स्टुलांवर नूडल्स खाणारे लोक. त्यांच्यातून वाट काढत एका चौकात सिग्नल सापडला. झेब्राही होता. पलीकडच्या दिव्यातला हिरवा माणूस चालायला लागला आणि त्याच वेळी डाव्या-उजव्या रस्त्यांवरून वळणाऱ्या स्कूटर झेब्रावरून निघून गेल्या. ओव्हाळांनी तीनदा सिग्नल बदलताना पाहिला.

“हा सिग्नल नाही,” ते म्हणाले. “सजावट आहे.”

परत आल्यावर त्यांना तोडगा सुचला. टॅक्सी. गाडीत बसायचं आणि तळ्याच्या बाजूला उतरायचं. हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीने जायचं ठिकाण दोनदा विचारून घेतलं, खिडकीतून तळ्याकडे बघितलं आणि गाडी मागवली. तिघे बसले. तळ्याभोवतीची वाहतूक एकाच दिशेने फिरते, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गाडीने तळ्याला पूर्ण वळसा घातला. तळं सगळा वेळ डाव्या हाताला होतं. चालक सभ्य होता, गाडी उजव्या कडेलाच थांबवणारा. त्याने ती बरोबर हॉटेलच्या दारात उभी केली. दरवानाने पुढे येऊन दार उघडलं आणि स्वागत केलं.

मीरासाहेब फुटपाथवर बसून हसले. भाग्यश्री हसल्या नाहीत.

“बघितलं तळं,” त्या म्हणाल्या. “काचेतून.”

त्यानंतर त्या मीरासाहेबांबरोबर रस्ता ओलांडून गेल्या. नवरा अलीकडे उभा होता. दोघं तळ्याच्या कठड्यापर्यंत पोहोचल्याचं त्यांना दिसलं, आणि थोड्याच वेळात दोघं परत येतानाही दिसले.

“का गं?” त्यांनी विचारलं.

“एकटीनेच चालायचं तर मला गच्ची आहे,” भाग्यश्री म्हणाल्या. “मीराभाऊ तर दर दहा पावलांवर कुणाच्या तरी गाडीची चेन बघायला वाकतात.”

“ढिली होती, वहिनी,” मीरासाहेब म्हणाले.

बुधवार हालाँगच्या खाडीत गेला. ती सहल छान झाली. पाण्यातून वर आलेले हिरवे सुळके, त्यांच्यामधून जाणारी बोट. ओव्हाळांनी बोटीवर चढल्याबरोबर लाइफ जॅकेटांची पेटी उघडली, गुंतलेले बंद सोडवले आणि सगळी जॅकेटं पुन्हा रचून ठेवली. बोटीच्या कप्तानाने त्यांना केळी दिली. परत येताना मीरासाहेबांनी विचारलं, “कसं वाटलं वहिनी?”

“डोंगर चांगले आहेत,” भाग्यश्री म्हणाल्या. “पण बोट चालते आणि आपण बसतो.”

हॉटेलवर आणखी एक गोष्ट कळली. तळ्याभोवतीचे रस्ते दर शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारपर्यंत वाहनांना बंद असतात. सगळं शहर तिथे पायी फिरतं. रिसेप्शनवरच्या मुलीने हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांचं परतीचं विमान शुक्रवारी सकाळी होतं.

गुरुवारी भल्या पहाटे, रस्ता रिकामा असेल या आशेने, ओव्हाळ खाली उतरले. हनोई चाकणच्या फर्स्ट शिफ्टच्या आधी उठतं, असं त्यांच्या ध्यानात आलं. व्यायामाला आलेला प्रत्येक माणूस स्कूटरवर बसून आला होता.

शेवटची संध्याकाळ उरली. भाग्यश्रींनी बूट घातले, लेस बांधली आणि हॉटेलसमोरच्या स्टुलावर येऊन बसल्या. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला याचा अर्थ कळतो. ओव्हाळांनी लिंबाचा चहा मागवला आणि शेजारच्या स्टुलावर बसून रस्त्याकडे बघायला सुरुवात केली. कारखान्यात एखाद्या जागेचा धोका तपासायचा असला की ते असंच करतात. तासभर नुसतं बसतात. दहा पावलांवर मीरासाहेब फुटपाथवरच्या एका मेकॅनिकजवळ उकिडवे बसून त्याला पाने-पक्कड देत होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि अडचण काही दिसत नव्हती.

खांद्यावरच्या काठीला दोन टोपल्या लटकावलेली एक बाई आली. तिने रस्त्यात पाय टाकला आणि चालत राहिली. डावीकडे बघितलं नाही, उजवीकडे नाही. वेग कमी केला नाही, वाढवला नाही. स्कूटर तिच्या पुढून आणि मागून निघून गेल्या. मग एक गोरा तरुण आला. तो अर्ध्यावर गेला, दचकला, थांबला, मागे सरला, पुन्हा पुढे आला. त्याच्याभोवती हॉर्न वाजले आणि एक स्कूटर कलंडता कलंडता सावरली.

ओव्हाळांनी चहाचा पेला खाली ठेवला.

“नवरी,” ते म्हणाले.

“कोण?” भाग्यश्रींनी विचारलं.

“ती बाई. ती आमची नवरी आहे.”

कारखान्यात माल वाहणारी एक चालक नसलेली गाडी आहे. जमिनीवर चिकटवलेल्या चुंबकीय पट्टीवरून ती एकाच चालीने जाते आणि जाताना एक छोटी धून वाजवते. वाजतगाजत येते आणि सगळे वाट देतात, म्हणून कामगार तिला नवरी म्हणतात. नवीन माणसं तिला घाबरतात. ओव्हाळ त्यांना दर वेळी सांगतात, की नवरीचा धोका नसतो, कारण ती पुढच्या क्षणाला कुठे असेल ते सगळ्यांना माहीत असतं. धोका माणसाचा. तो मध्येच मन बदलतो.

“इतकी वर्षं मीच शिकवतोय,” ते म्हणाले. “फक्त आपण कायम नवरीच्या बाजूला उभं राहणारे. आपण स्वतः नवरी व्हायचं, हा विचारच कधी केला नाही.”

“आता या वयात व्हा,” भाग्यश्री म्हणाल्या. “पण अंधार पडायच्या आत.”

मीरासाहेबांना हाताला धरून उठवण्यात आलं. ओव्हाळांनी दोघांना रांगेत उभं केलं आणि वर्गात सांगतात तसं सांगितलं. थांबायचं नाही. पळायचं नाही. मागे फिरायचं नाही. कुणी हॉर्न दिला तर तो आपल्याला माहिती देतोय, शिवी नाही. सर्वांत पुढे ते, त्यांच्या शर्टाचं टोक धरून भाग्यश्री, शेवटी मीरासाहेब.

“आणि धून?” मीरासाहेबांनी विचारलं. चेष्टेत विचारलं होतं.

“धून मी म्हणतो,” ओव्हाळ म्हणाले.

त्यांनी खरोखरच ती म्हटली. ओठ मिटून, एका चालीत, ते रस्त्यात उतरले. पहिली स्कूटर समोरून गेली, दुसरी मागून. फुलांचा भारा वळसा घालून गेला. भाग्यश्री सांगतात की नवऱ्याची पाठ भिजली होती, पण पावलांतलं अंतर बदललं नाही. पलीकडचा फुटपाथ आला. ओव्हाळ वर चढले, भाग्यश्री वर चढल्या. तिसरा डबा नव्हता.

मीरासाहेब रस्त्याच्या बरोबर मध्यावर उभे होते. त्यांच्यासमोर एक म्हातारा गोल दिव्याच्या, किकच्या जुन्या दुचाकीवर थांबला होता. मीरासाहेब तिच्या इंजिनाकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होते, म्हातारा अंगठा वर करून काहीतरी सांगत होता, आणि हनोईची संध्याकाळ दोघांच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती.

“मीऱ्या, मन बदललंस,” ओव्हाळ ओरडले.

“मूळ कार्ब्युरेटर आहे, नाग्या,” रस्त्याच्या मधून उत्तर आलं.

ओव्हाळांनी क्षणभर बायकोकडे बघितलं आणि पुन्हा रस्त्यात उतरले, या वेळी एकटे. मध्यापर्यंत गेले, मित्राची कॉलर धरली, म्हाताऱ्याला नमस्कार केला आणि त्याच चालीने परत आले. धून चालू होती.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण हॉटेलच्या बाजूला इंदूरचं एक कुटुंब बराच वेळ अडकून पडलं होतं आणि त्यांनी हा सगळा प्रकार पाहिला होता. त्यांच्यातल्या आजोबांनी हात उंच केला. “भाईसाब, हमको भी.”

ओव्हाळ गेले. इंदूरकरांना नियम हिंदीत समजावले आणि पलीकडे आणून सोडलं. मग दोन जपानी बहिणी. मग स्वतःहून उत्तम रस्ता ओलांडू शकणारा एक स्थानिक माणूस, ज्याला फक्त रांगेत यायचं होतं. ओव्हाळांचा चेहरा उजळला होता. दर खेपेला चाल आणखी डौलदार होत होती. भाग्यश्री तळ्याच्या कठड्याला टेकून हे बघत होत्या. पाण्यावरचा उजेड पिवळा झाला, मग तांबूस. लाल पुलावरचे दिवे लागले.

पुढच्या खेपेला नवरा हॉटेलच्या बाजूला पोहोचला तेव्हा भाग्यश्री त्यांच्या मागोमाग रस्त्यात उतरल्या. एकट्या, एका चालीने, धून न म्हणता. नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“तुमची शिफ्ट संपली.”

“एक बॅच राहिलीय गं. ते बघ, ते आजी-आजोबा.”

“दुसऱ्या ट्रेनरकडे द्या.”

“कोणाकडे?”

“मीराभाऊ आहेत की.”

“हा? हा मध्येच थांबतो.”

“मग त्यांना शिकवा. एकदाच. मी इथे उभी आहे.”

मीरासाहेबांची तिथल्या तिथे परीक्षा झाली. एकदा जाऊन यायचं, कुठल्याही गाडीकडे न बघता. जाताना ते नापास होता होता राहिले, एक तीनचाकी होती. येताना त्यांनी डोळे आकाशाकडे ठेवले. ओव्हाळांनी मान हलवून परवानगी दिली. “मला धून येत नाही,” मीरासाहेब म्हणाले. “माझी दुसरी आहे, लग्नातली. चालेल?”

“चाल सारखी ठेव,” ओव्हाळ म्हणाले.

नवरा-बायको पलीकडे गेले आणि तळ्याच्या वाटेला लागले.

भाग्यश्री भराभर चालतात. ओव्हाळांना हे माहीत नव्हतं. झाडांखाली बायकांचा एक गट स्पीकर लावून नाचत होता, पुलाच्या तोंडाशी लोक फोटो काढत होते, कुणीतरी भाजलेली कणसं विकत होतं. ओव्हाळांनी दर ठिकाणी पाऊल जरा हळू केलं. भाग्यश्रींनी केलं नाही. बोलणं फारसं झालं नाही. पाण्याच्या बाजूला कोणी चालायचं यावर थोडं झालं, आणि मुलीला फोन करायचा आहे याची आठवण निघाली.

पहिली फेरी पूर्ण होऊन दोघं हॉटेलसमोर आले. रस्त्यात मीरासाहेब आठ-दहा लोकांची रांग घेऊन, हात वर करून, लग्नातलं काहीतरी गात चालले होते. ओव्हाळ बघायला थांबले. भाग्यश्री पुढे निघून गेल्या होत्या. त्यांना गाठायला ओव्हाळांना जवळजवळ पळावं लागलं.

दुसऱ्या फेरीच्या मध्यावर, देऊळ मागे पडल्यावर, त्यांनी विचारलं, “आपण किती वेळ चालायचं?”

“विमान उद्या सकाळी आहे,” भाग्यश्री म्हणाल्या.